वरचा डावा कोपरा

ये गं, अशी जवळ ये. कागदावरच का होईना, पण खुर्ची ओढून बस. तिकडे वाळवंटातल्या चँडलरला ऊन फार, म्हणून माणसं विसरायची असतात का? दिवाळीचा फोन देवदिवाळी उलटल्यावर करतेस आणि वर मलाच विचारतेस, "काय गं, आवाज का असा?" आवाज कसा असणार? पंधरा दिवस वाट बघितलेल्या बाईचा असतो तसा!

इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या अंकाला आठवणी लिहून द्या म्हणाले. मी म्हटलं, मला लिहिता कुठं येतं? सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं शिक्षण वाण्याच्या पुडीच्या कागदावर आणि इथं परदेशात आल्यावर टीव्हीच्या खाली सरकणाऱ्या इंग्रजी ओळींवर झालं. तेव्हा ठरवलं, तुझ्याशी बोलल्यासारखं लिहायचं, म्हणजे हात चालतो. नावं कुणाचीच घालत नाही. वाचणाऱ्यांना आपलं काही ठाऊक नाही, म्हणून तुला माहीत असलेलंही मधेमधे सांगेन. नाक मुरडू नकोस. तुला माहीत नसलेलंही आहे यात, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

तर वाचणाऱ्यांनो, माझी एक लेक आहे, चौतिशीची. आणि जिला हे लिहितेय त्या माझ्या मैत्रिणीचा धाकटा लेकही तेवढाच, दोन महिन्यांनी मोठा. दोघंही इथं नोव्हाय गावात एकाच शाळेत, एकाच खास वर्गात होती. आपल्याकडे पूर्वी सरळ मतिमंद म्हणायचे. आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, ऐकायला बरं वाटतं. शाळेनं तपासणी करून कागद दिले तेव्हा आम्ही दोघी गाडीत बसून ते कागद शेजारी शेजारी धरून वाचले होते. जवळजवळ सारखेच होते. तू रडत होतीस आणि मी, देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, चला, एकटी नाही मी. त्या दिवसापासून आपलं "सारखं" चालू झालं. तुझ्याला बुटाची नाडी बांधता येईना, माझीलाही येईना. तुझा पाढ्याला अडला, माझीही अडली. मंडळात कुणाची मुलगी डॉक्टर झाली, कुणाचा मुलगा वकील झाला, मी पेढे खाल्ले आणि मजेत घरी आले. त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. आभाळातल्या विमानाचा कुणाला हेवा वाटतो? पण शेजारच्या पानात एक पुरणपोळी जास्त पडली, की ती दिसतेच.

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत ती पोरगी आपल्याला भेटली. नागपूरकडची, ॲन आर्बरला शिकणारी, मोठ्या कोटात बुडालेली. महाप्रसादाच्या रांगेत तिनं आपल्या दोघींची मुलं बघितली आणि हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?" तिच्या अभ्यासासाठी तिला अशी मोठी झालेली मुलं हवी होती. सहा शनिवार यायचं, तासभर बसायचं, पडद्यावर चित्रं बघायची. तू लगेच हो म्हणालीस. मी हो म्हटलं कारण तू म्हणालीस.

हायवेवर गाडी चालवायची माझी छाती नाही, त्यामुळे तुझ्याच व्हॅनमधून जायचो. पुढं आपण दोघी, मागं ती दोघं. थालिपीठं, लोणी, थर्मासात चहा. माझी लेक शुक्रवारी सकाळपासूनच विचारायची, "आई, टुमॉरो व्हॅन?" तिला दुसरं कुणी आहे का गं मित्र म्हणावं असं? अशा मुलांच्या दिवसभराच्या केंद्रात वीस जण असतात, पण बाकावर शेजारी बसून जो आपलं अर्धं थालिपीठ तिला द्यायचा तो एकच. तुझा.

पहिल्या दिवशी पोरीनं आधी आपल्या दोघींना खेळ दाखवला. पडद्यावर सहा चित्रं, वर तीन, खाली तीन. कप, चावी, मासा, टोपी असलं काहीतरी. पापणी लवते न लवते तोच सगळी गुप्त. मग रिकामा पडदा, आणि मग एक बाण. बाण ज्या जागेकडे वळेल तिथं कुठलं चित्र होतं ते सांगायचं. मी ऐटीत बसले. चित्रं आली तेव्हा मला सहाच्या सहा दिसली, अगदी स्वच्छ! आणि बाण येईपर्यंत साखर पाण्यात जावी तशी गेली. "मासा," म्हटलं मी ठोकून. टोपी होती.

"काकू, हेच तर आम्ही बघतोय," पोरगी म्हणाली. "चित्र गेल्यावरही क्षणभर ते आपल्यापाशी उरतं. कुणापाशी जास्त वेळ, कुणापाशी कमी. प्रत्येकाचं वेगळं."

"म्हणजे हुशारांचं जास्त वेळ," मी म्हटलं.

"असं सरळ नसतं काकू. कागदावर दोघांना एकच शिक्का असतो, पण आत दोघांचं सारखं असेलच असं नाही. एकाचं बघताना निसटतं, दुसऱ्याचं बघून झाल्यावर, तिसऱ्याला नीट दिसतं पण सांगताना अडतं. सगळ्यांना एका पोत्यात भरून कसं चालेल?"

तू मान हलवलीस. मी मात्र तिथंच अडले. सारखं असेलच असं नाही म्हणजे काय? इतकी वर्षं मी त्या सारखेपणावर जगत आले होते. मग लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो आला तो गेलाच नाही: सारखं नसेल, तर जास्त कुणाचं?

आतून आवाज यायचा नाही. आपण दोघी बाहेरच्या बाकावर विणत बसायचो. तू विणायचीस, मी टाके सोडायची. तुझा लेक बाहेर यायचा तो छाती काढून, "ऑल करेक्ट!" म्हणत. माझी यायची आणि विचारायची, "थालिपीठ?" मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघायची, काही कळतंय का. तिचं तोंड म्हणजे बंद डबा. दोघांनाही सारखंच हसून "ग्रेट जॉब" म्हणायची. मी एकदा गाठून विचारलंही, "हिचे किती बरोबर आले गं?"

"काकू, ते सांगता येत नाही. नियम आहे. यात पास-नापास नसतंच."

पास-नापास नाही म्हणे! मग सहा शनिवार कशाला बोलावता?

तिथवरही निभावलं असतं. पण मग जानेवारीतलं हळदीकुंकू आलं. तू काळी चंद्रकळा नेसली होतीस, आणि तीसेक बायकांत उभी राहून वाण देता देता म्हणालीस, "अगं, आमच्याला सगळी चित्रं सांगता येतात! डोळ्यांचं पातं लवायच्या आत! तसा तो लहानपणापासूनच. पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर पाठ असतात त्याचे." बायका "अय्या, हो का!" करत होत्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुमची?"

मी म्हटलं, "आमची जाते मजेत."

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. तुझी चंद्रकळाही मला त्या क्षणी दिसेना. तुझे दात तेवढे दिसत होते. लोक म्हणतात, देव अशा मुलांना एक नाही दिलं तर दुसरं काहीतरी देतो. तुझ्याला दिलं होतं ते समोर दिसत होतं. माझीला काय दिलं ते मी चौतीस वर्षं शोधतेय गं.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याच्या सीरियलचे खोके कापले. पत्त्यांएवढे नाही, चांगले पाटीएवढे पुठ्ठे केले. त्यावर मार्करनं सहा सहा चित्रं काढली. माझा मासा वांग्यासारखा दिसायचा, पण लेकीनं तक्रार केली नाही. टेबलावर पुठ्ठा ठेवायचा, वर ताट झाकायचं. ताट उचलायचं, "बघ!" म्हणायचं, लगेच झाकायचं. "सांग!" बरोबर आलं की तिळाच्या वडीचा तुकडा. चुकलं की परत. सकाळी केंद्राच्या बसआधी अर्धा तास, दुपारी आल्यावर तासभर. आपण काय परीक्षेला पोरं कोरी पाठवणारी माणसं आहोत? स्कॉलरशिपच्या आधी माझ्या भावाला आई चुलीपुढं बसवून गणितं घालायची. मी बाजूला भाकरी थापत ऐकायची, आणि मला कुणी घालायचं नाही. तेव्हाही जळायचीच मी. तर मी क्लास काढला, एका विद्यार्थिनीचा.

पहिले दोन दिवस ती खुशीत होती. तिसऱ्या दिवशी "आई, नो ताट" म्हणाली. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय राजा." पाचव्या दिवशी तिला बरोबर यायला लागलं. एकदा नाही, सारखं. मी ताट उचलून झाकायची, विचारायची, ती पटकन सांगायची. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. वाटलं, घे, आता दाखवते!

शनिवारी निघताना तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तू दारात हॉर्न वाजवत होतीस, तुला दिसलं नाही.

ॲन आर्बरला त्या दिवशी बर्फात सायकली अर्ध्या बुडाल्या होत्या. तुझा आधी आत गेला, मग माझी. विसाव्या मिनिटाला दार उघडलं. तू त्याला घेऊन बाथरूमकडे गेली होतीस, ते बरंच झालं. पोरगी बाहेर आली, माझ्याजवळ बाकावर बसली. हातात पेन, आणि चेहरा रडवेला.

"काकू, खरं सांगा. घरी प्रॅक्टिस घेतली का?"

"मग? घेऊ नये का?"

"ती दर वेळेला वरच्या डाव्या कोपऱ्यातलंच चित्र सांगतेय. बाण कुठंही असू दे. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, 'आई सेज लुक हिअर.'"

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. पण बाकावर बसल्या बसल्या मला माझंच बोट दिसलं. ताट झाकल्यावर मी विचारायची, "इथं काय होतं?" आणि बोट ठेवायची ते पहिल्यांदा, दर वेळेला, वरच्या डाव्या कोपऱ्यावर. वाचायला सुरुवात जिथून करतो तिथून! तिथलं बरोबर आलं की माझा जीव भांड्यात पडायचा, की वडी द्यायची आणि पुढचा पुठ्ठा. बाकीची पाच चित्रं मी क्वचितच विचारली. लेक वेडी नव्हती. वडी कुठं मिळते ते तिला बरोबर कळलं होतं. तिनं बाकी सगळीकडे बघणंच सोडून दिलं.

"तुझ्या आईनं तुला दहावीला कोरी पाठवली होती का?" मी त्या पोरीवरच उसळले.

ती कसनुसं हसली. "नाही काकू. माझी आई शाळेच्या फाटकाशी ग्लुकोजचं पाणी घेऊन उभी असायची. पण ही परीक्षा नाहीये ना! ती तिच्या पद्धतीनं कशी बघते, तेच मला बघायचं होतं. आधीचे दोन शनिवार ती तिच्या पद्धतीनं बघत होती. आता ती तुमच्या पद्धतीनं बघतेय."

"आधी कसं बघत होती? चांगलं?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "सांगता येत नाही काकू."

मी तिच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात काय होतं ते अजून शोधतेय. चांगलं होतं? तुझ्यापेक्षा चांगलं? बघ, आतासुद्धा मी "तुझ्यापेक्षा" लिहिलं, तुझ्या लेकापेक्षा म्हणायचं होतं. असो, खोडत नाही.

मग तिनं सांगितलं की माझ्या लेकीचे आकडे आता धरता येणार नाहीत, प्रोफेसरांना कळवावं लागेल, आणि पुढचे शनिवार हिनं येऊन उपयोग नाही. सही केलेल्या कागदावर लिहिलं होतं म्हणे, घरी सराव करू नका. तो कागद मी वाचला नव्हता. तू "कर सही" म्हणालीस आणि मी केली. आत माझी लेक खुर्चीत ताठ बसली होती, वडीची वाट बघत.

आणि परतताना व्हॅनमध्ये तू साधंच विचारलंस, "आज लवकर कसं आटपलं गं हिचं?"

तेव्हा मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण लाज वाटायलाच हवी. मी म्हणाले, "मीच नाव काढून घेतलं. आपली पोरं म्हणजे काय डोंबाऱ्याची माकडं आहेत? बटण दाबलं की उड्या मारायच्या? तुला मिरवायचंय तर मिरव बाई, मला नाही मिरवायचं."

वायपर चालू होते. मागून तुझा लेक येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत होता, माझी लेक त्याच्या मागोमाग म्हणत होती. माझ्या दारात गाडी थांबवून तू एवढंच म्हणालीस, "डबा विसरू नकोस."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मंडळात विचारणाऱ्या चौघींना मी तेच सांगितलं. म्हटलं, त्या प्रयोगांनी पोरांची डोकी दुखतात, आमचीला त्रास झाला. त्यांतली एक आपल्या मुलाला पाठवणार होती. तिनं पाठवलं नाही. तर बायांनो, ते साफ खोटं होतं. त्या पोरीनं माझ्या लेकीला एका शब्दानं दुखावलं नाही. दुखत होतं ते माझंच.

पुढचे तीन शनिवार तू तुझ्या लेकाला घेऊन गेलीस, आमच्या रस्त्यावरूनच. दर शनिवारी साडेनवाला माझी लेक बूट, कोट, टोपी घालून खिडकीशी उभी. "व्हॅन?" मी म्हणायची, "आज नाही राजा." ती म्हणायची, "सॉरी, आई. आय लुक गुड नेक्स्ट टाइम." तिला वाटलं, तिनं नीट बघितलं नाही म्हणून व्हॅन येत नाही. हे मी तुला फोनवर कितीदा तरी सांगायला गेले, आणि दर वेळी तोंडातून दुसरंच आलं. कांदे महागलेत इथं. थंडी फार आहे. तुमच्याकडे काय विशेष?

मग वसंतात तू मोठ्या मुलाकडे चँडलरला कायमची जायला निघालीस. निरोपाला आलीस तेव्हा चिवड्याचा डबा दिला तुझ्या हातात. दोघं पोरं सोफ्यावर शेजारी बसली होती, आणि आपण दोघी स्वयंपाकघरात पाहुण्यांसारख्या उभ्या. तू दारातून वळून बघितलंस. तू तेव्हा विचारलं असतंस ना, तर मी सांगितलं असतं. बघ, आता दोषही तुझ्यावर ढकलते आहे.

आणि हेही सांगते की मी काही सुधारलेली नाही. मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, त्याला तिथल्या लायब्ररीत काम मिळालं, परत आलेली पुस्तकं पाठीवरचे नंबर बघून कपाटात लावायचं. मी "अरे वा!" म्हटलं, आणि फोन ठेवून कुकर असा आपटला की शिट्टी घरंगळत फ्रिजखाली गेली. झाडूच्या दांड्यानं काढावी लागली. वाकले होते तेव्हा लेक म्हणाली, "हू कॉल्ड?" मी तुझ्या लेकाचं नाव घेतलं. तिनं माझ्या हातातून झाडू घेतला आणि विचारलं, "कमिंग?"

हेवा कसा घालवायचा ते मला माहीत नाही. तो जायची वाट बघत बसले तर तुझं तोंड दिसायचं नाही मला, आणि तिला त्याचं. तेव्हा तो असू दे माझ्यापाशी. तू ये. राग आला असेल तर रागावलेली ये, विमानतळावरच भांड. मी हायवेवर चालवत नाही, पण तुझ्यासाठी डाव्या हाताच्या, सुसाट पळणाऱ्या लेनमधूनसुद्धा चालवीन, मग जे होईल ते होईल. माझ्या लेकीला मी सांगितलंय की तिचं बघणं चुकलं नव्हतं. तिला ते पटलेलं नाही. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही, आणि पटायचं कारणही नाही. त्याला घेऊन ये, दोघांना व्हॅनच्या मागच्या सीटवर बसव आणि कुठंही फिरवून आण. भाड्यानं मिळते व्हॅन, मी चौकशी केली आहे. बर्फ जायची वाट बघू नकोस. लवकर ये गं.